ब्लॉक : मुंबईच्या युद्धपूर्व घरांचा इतिहास

‘ब्लॉक’ हा शब्द मराठीतून आता जवळजवळ निघून गेला आहे. माझ्या लहानपणी, म्हणजे 1970 च्या दशकाच्या अखेरीस, दादरला राहणाऱ्या माझ्या मामांविषयी बोलताना घरातील वडीलधारी माणसे ‘त्यांचा ब्लॉक आहे’ असे किंचित आदराने म्हणत. चाळीतल्या खोलीला जो मान नव्हता, तो या उपऱ्या शब्दाला होता. पुढे ‘फ्लॅट’ आला, जाहिरातींतून आणि सरकारी कागदांतून ‘सदनिका’ आली, आणि ब्लॉक मागे पडला. माझ्या शाळेतील मुलांना आज ब्लॉक म्हटले की पदपथावर बसवितात त्या सिमेंटच्या विटा आठवतात.

शब्द जातो तेव्हा त्याच्या मागचा व्यवहारही बहुधा बदललेला असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मुंबईत बांधलेले, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास असलेले, मध्यमवर्गीय कुटुंबाने भाड्याने घेतलेले घर म्हणजे ब्लॉक. अशा घरांपैकी काही आजही ताठ उभी आहेत, काही लाकडी टेकूंवर रेलली आहेत आणि पुष्कळशी पाडली गेली आहेत. याचे कारण विटा आणि सिमेंट यांत शोधावयाचे, की घर आणि त्यात राहणारा माणूस यांच्या नात्यात, हा प्रश्न येथे पाहावयाचा आहे. सिल्वासासारख्या गावच्या मुख्याध्यापकाने मुंबईच्या घरांविषयी का लिहावे, असे कोणास वाटेल. परंतु आमच्या भागातील मराठी माणसाचे निम्मे आप्त मुंबईत असतात. 1954 साली हा प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडविण्यास जे तरुण आले, त्यांत सुधीर फडके यांच्यासारखी तिकडचीच माणसे होती. आणि दुसरे असे की, गेल्या काही महिन्यांत मला वापीहून दादरला चार-पाच खेपा घालाव्या लागल्या. त्या कशासाठी, ते पुढे येईलच.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ‘घर’ हा शब्द जितका स्थिर आहे, तितका ‘बिऱ्हाड’ हा चंचल आहे. बिऱ्हाड म्हणजे मुळात उतरण्याची जागा, मुक्काम. बिऱ्हाड ‘थाटतात’, ‘हलवितात’ आणि प्रसंगी पाठीवर घेऊन हिंडतात. घराच्या बाबतीत यांपैकी एकही क्रियापद सहज लागत नाही. कोकणातून वा देशावरून मुंबईस गेलेल्या माणसाचे ‘घर’ गावीच असे. मुंबईत असे ते बिऱ्हाड. गिरगावच्या चाळीत तीन पिढ्या काढलेले कुटुंबही स्वतःस बिऱ्हाडकरूच म्हणवून घेई. भाडे भरावे, गणपतीला घरी जावे, निवृत्त झाल्यावर परतावे, असा तो हिशेब होता. तो पुष्कळांच्या बाबतीत कधीच पुरा झाला नाही, हे निराळे.

ही बिऱ्हाडे ज्या दाटीत राहत होती, तिच्यावर 1896 साली प्लेगने बोट ठेवले. साथ प्रथम मांडवी भागात दिसली आणि शहर भराभर रिकामे होऊ लागले. सरकारने 1898 साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या फोडणे, रुंद रस्ते काढणे, आणि शहराच्या उत्तरेस नवी आखीव वस्ती वसविणे ही त्याची कामे. दादर-माटुंग्याची योजना ही त्याच काळातील. जुनी घरे पाडण्याचा ट्रस्टचा वेग नवी बांधण्याच्या वेगाहून पुष्कळच मोठा होता, आणि ज्यांची पाडली ते गरीब त्या नव्या वस्त्यांत राहावयास आले असे झाले नाही. परंतु मध्यमवर्गास मात्र ट्रस्टने एक वस्तू दिली: उजेड. ट्रस्टचे अधिकारी ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून तुमच्या तळमजल्यापर्यंत उतरणारी उजेडाची रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करणारी नसावी. म्हणजे मध्ये जितकी मोकळी जागा असेल, त्याच्या सुमारे दुपटीहून अधिक उंची चढवू नये. भूमितीच्या तासाला मी हे उदाहरण नववीच्या मुलांना घालतो. कोनाच्या स्पर्शिकेने कोणाच्या तरी स्वयंपाकघरात ऊन येते, हे त्यांना प्रथम खरे वाटत नाही.

1933 साली ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला, तोपर्यंत दादर-माटुंग्याचे भूखंड भरत आले होते. पश्चिमेस माहीमच्या बाजूला 1925 साली खुले झालेले उद्यान 1927 साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने ‘शिवाजी पार्क’ झाले आणि त्याच्या भोवती तीस-चाळीस सालांत तीन-चार मजली इमारतींची कडी उभी राहिली. त्याच सुमारास दक्षिणेस मरीन ड्राइव्हवर समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर गोलाकार सज्जांच्या इमारती चढत होत्या. त्या ‘आर्ट डेको’ समूहास युनेस्कोने 2018 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दादरचे ब्लॉक हे त्यांचेच गरीब भाऊबंद. तोच लोखंडी जाळीचा नक्षीदार दरवाजा, तीच जिन्याच्या भिंतीतली उभी काचेची पट्टी, तीच रंगीत सिमेंटची फरशी. ही फरशीही स्वदेशीच्या लाटेवर आलेली होती. ‘भारत टाइल्स’चा कारखाना 1922 सालचा. दारांना ब्रह्मदेशचे सागवान असे. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर ते येईनासे झाले, म्हणून दाराच्या लाकडावरून इमारत युद्धाच्या आधीची की नंतरची हे ओळखणारे सुतार मी पाहिले आहेत.

परंतु ब्लॉकाचे खरे नावीन्य नक्षीत नव्हते. ते होते घरातल्या संडासात. आज हे वाक्य हास्यास्पद वाटेल. पण ज्या पिढीने संडास म्हणजे परसाच्या टोकाची किंवा चाळीच्या गॅलरीच्या शेवटची जागा असेच जाणले होते, तिला स्वयंपाकघरापासून चार पावलांवर ती सोय म्हणजे विटाळाचे माहेरच वाटले. माझ्या आजीने 1938 साली ब्लॉक पाहून पहिला प्रश्न विचारला तो हाच, अशी आमच्या घरातील आख्यायिका आहे. तोड निघाली ती अशी: त्या लहानशा मार्गिकेत एक जास्तीचे दार, आणि सफाई कामगाराने यावे म्हणून इमारतीच्या मागून वर चढणारा लोखंडी गोल जिना. पुढच्या जिन्याला संगमरवराची धार आणि मागच्या जिन्याला जातीची. हे जिने आता गंजून गेले आहेत, पुष्कळ ठिकाणी कापून भंगारात दिले गेले आहेत. आधुनिक म्हणून मिरविणाऱ्या या घरांच्या पाठीला काय बांधलेले होते, हे सांगणारा तो पुरावा होता. तो असा नकळत नाहीसा व्हावा, हे इतिहासाच्या शिक्षकास खटकते.

दुसरा पालट झाला तो दारामुळे. चाळीचे दार दिवसभर उघडे, ब्लॉकाचे बंद. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली आली आणि चाळीला साहित्यात कायमचे घर मिळाले. ब्लॉकाच्या वाट्याला तसे पुस्तक आले नाही, असे मला वाटते. आणि त्याचे कारण लेखकांचे दुर्लक्ष नव्हे. गॅलरी नसली की गोष्ट एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात जात नाही.

मात्र बंद दाराआडचे हे घर ब्लॉकात राहणाऱ्याचे नव्हते. भूखंड ट्रस्टकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घ्यावा, इमारत बांधावी आणि भाड्याने द्यावी, हा तेव्हा प्रतिष्ठित व किफायतीचा उद्योग होता. युद्धापूर्वी भाडेकरूच मिळत नसत, जिन्याखाली ‘जागा रिकामी आहे’ अशी पाटी महिनोन् महिने लटकत असे, असे जुनी माणसे सांगत. माझ्या आजोबांनी महिना बत्तीस रुपयांवर ब्लॉक घेतला तेव्हा मालकाने स्वखर्चाने रंग काढून दिला आणि वर एका महिन्याचे भाडे सोडले. विकत घेण्याचा विचार त्यांना शिवलाही नाही. इमारतीतील एक मजला विकत घेता येतो, ही कल्पनाच कायद्यात नीट रुजलेली नव्हती. तसे रोखठोक कायदे महाराष्ट्रात पुढे 1963 आणि 1970 साली झाले.

याच काळात एका माणसाने तिसरी वाट काढली होती. श्रीपाद सुब्राव तालमकी हे उत्तर कानड्यातील चित्रापूर सारस्वत समाजाचे. तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तेथील शिकलेली तरुण मंडळी कारकुनीसाठी मुंबईस येत. तालमकींनी 1906 साली आपले मार्गदर्शक शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली. तीच आजची एस. व्ही. सी. बँक. 1904 च्या कायद्याने सहकार केवळ कर्जाऊ पैशापुरता मान्य केला होता. 1912 च्या कायद्याने इतर कामांसही वाव दिला. त्याचा आधार घेऊन 1915 साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातील अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक होय.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. जागा आणि इमारत संस्थेची. सभासदाने भाग घ्यावयाचे, कर्ज संस्थेने काढावयाचे, आणि सभासदाने भाडे भरावयाचे ते संस्थेस, म्हणजे एका अर्थी स्वतःसच. लंडनजवळ ईलिंग येथे 1901 साली भाडेकरूंनी अशाच भागीदारीचा प्रयोग केला होता. तो धागा येथे मुंबईच्या कारकुनांच्या हाती आला. या व्यवस्थेत कोणी एक मालक नाही आणि केवळ भाडेकरू असाही कोणी नाही. छप्पर गळू लागले तर मालकाच्या नावाने बोटे मोडण्याची सोय नाही. वार्षिक सभेत उभे राहून आपणच निवडलेल्या चिटणिसास जाब विचारावयाचा आणि वर्गणी वाढविण्याच्या ठरावावर नाइलाजाने हात वर करावयाचा. कंटाळवाण्या सभांवर उभे असलेले हे घर शतक ओलांडून गेले. संस्थेच्या भोवतालची गावदेवी मात्र या शंभर वर्षांत ओळखू येणार नाही इतकी पालटली. ग्रामदेवतेच्या नावाचा हा भाग. जवळच मणिभवनात 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईस आले की उतरत, आणि गवालिया टँकच्या मैदानावर 1942 साली ‘छोडो भारत’चा उद्घोष झाला. आता तेथे आकाशाला टेकणारे मनोरे आहेत, आणि साडेत्रेसष्ट अंशांचा हिशेब कोणी विचारीत नाही.

तालमकींच्या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या संस्थेतील विश्वास हा जातीच्या ओळखीवर उभा होता. एकमेकांची हमी देता येत होती, कारण एकमेकांचे आजोळ ठाऊक होते. सहकाराची ही मुंबईतील पहिली घरे अशा रीतीने ज्ञातिबांधवांची घरे झाली, आणि पुढे पुष्कळ संस्थांनी तोच कित्ता गिरविला. ‘आपल्यातला’ नसणाऱ्या माणसास मुंबईत घर का मिळत नाही, या आजच्या तक्रारीची एक मुळी इथपर्यंत येते. अनोळखी माणसांना एकत्र बांधणारा सहकार आपण शिकलो नाही, ही खंत मला तालमकींच्या मोठेपणापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

आता भाड्याच्या ब्लॉकांकडे वळू. युद्ध सुरू झाले, शहर भरले, मागोमाग फाळणीचे निर्वासित आले. भाडी बेसुमार चढू नयेत म्हणून 1939 साली आणि मग 1947 साली कायदा झाला. 1947 च्या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, तेच प्रमाण भाडे ठरविले. त्या क्षणी हा कायदा न्यायाचाच होता. तो नसता तर आमच्या आजोबांसारखी किती बिऱ्हाडे रस्त्यावर आली असती! पण तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक राहिला. बत्तीस रुपये बत्तीसच राहिले. मालकास घर सांभाळण्यात काही उरले नाही, भाडेकरूस सोडण्यात काही उरले नाही. जागा हातांतरित व्हावयाची ती एकरकमी पैसा देऊन, आणि त्या पैशास पावती नसे. त्याला नाव मिळाले ‘पागडी’. मानाने डोक्यावर बांधावयाची वस्तू चोरून हातात द्यावयाची रक्कम झाली. एका शब्दाचे याहून मोठे अधःपतन मला ठाऊक नाही.

या काळात इमारती आतून खचत होत्या. समुद्राची खारी हवा भेगांतून आत शिरते, सळई गंजते. गंजली की फुगते, आणि फुगली की भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर टाकते. प्रथम गिलाव्याचा पोपडा, मग सज्जाचा तुकडा, मग एखाद्या श्रावणात सारा सज्जाच. सांधे वेळीच भरले, गच्चीची गळती थांबविली, तर हे पुष्कळ लांबविता येते. पण गच्ची कोणाची? मालक म्हणे, बत्तीस रुपयांत डांबरही येत नाही. भाडेकरू म्हणे, दुसऱ्याच्या घरावर मी का खर्च करू? दोघांचेही म्हणणे खरे होते आणि पाऊस दोघांसाठी थांबत नव्हता. 1969 साली सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसविला. अशा इमारती तेव्हा 19 हजारांहून अधिक होत्या, आणि त्यांत फार मोठा भरणा 1940 पूर्वीच्या, ‘अ’ वर्गातल्या इमारतींचा होता. मंडळाचे लाकडी टेकू ही तेव्हापासून मुंबईची एक वास्तुशैलीच झाली म्हणावयास हरकत नाही.

1986 साली मात्र सरकारने तालमकींच्या वाटेकडे जाणारे एक दार उघडले. उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था केली, तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकास देऊन इमारत त्या संस्थेस मिळावी, अशी तरतूद झाली. आमच्या ब्लॉकाचा हिशेब मी केला: तीन हजार दोनशे रुपये. कल्पना उदात्त आणि आकडा अन्यायाचा, असा हा प्रकार होता. मालकांनी न्यायालयात धाव घेतली. खटला नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाऊन 5 नोव्हेंबर 2024 रोजी त्यातील घटनात्मक प्रश्नाचा निकाल लागला: प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. तोपर्यंत अडतीस वर्षे गेली होती. मधल्या काळात, 1997 साली, सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे हे अवाजवी झाल्याचे सांगितले. 31 मार्च 2000 पासून नवा भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने वर्षास चार टक्के वाढ दिली आणि पागडीलाही उजेडात आणले. पण 1991 च्या विकास नियमांनी त्याआधीच चौथी वाट मोकळी केली होती. जुनी इमारत पाडा, भाडेकरूंना फुकट मालकीची जागा द्या, आणि वरचे वाढीव मजले विका. दुरुस्तीचा प्रश्न अशा रीतीने दुरुस्तीवाचूनच सुटला.

आमच्या नगरहवेलीत या साऱ्याला एक दूरचा पडसाद आहे. पोर्तुगिजांनी 1919 च्या शेतजमीन कायद्याखाली ‘आल्वारा’ नावाच्या सनदा दिल्या, त्यांत अट अशी की जमीन ठराविक मुदतीत कसली पाहिजे. न कसल्यास हक्क जाईल. स्वातंत्र्यानंतर 1974 साली याच अटीवर कित्येक सनदा रद्द केल्या गेल्या. परकीय सत्तेचा हेतू काही का असेना, पण धारण करणाऱ्याचा हक्क आणि राखण्याचे कर्तव्य एकाच कागदावर लिहिलेले होते. मुंबईच्या भाडेकराराच्या कागदावर ते दोन पक्षांत वाटले गेले आणि मधल्या मध्ये घर बेवारस झाले. आज सिल्वाशात कारखान्यांच्या आधाराने ज्या नव्या इमारती उठल्या आहेत, त्यांना सर्रास ‘सोसायटी’ म्हणतात, मग तेथे संस्था नोंदलेली असो वा नसो. मागील वर्षी ‘माझे घर’ या निबंधात आठवीतील एका मुलाने लिहिले होते, ‘आमचे घर भाड्याचे आहे, म्हणून ते आमचे नाही, पण झाडू आईच मारते.’ व्याकरणाच्या दोन चुका होत्या. मी त्या दाखविल्या नाहीत.

दादरच्या खेपा कशासाठी, ते आता सांगतो. मामा जाऊन बारा वर्षे झाली. मामी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि त्या ब्लॉकात एकटी राहते. मुलगा परदेशी असल्यामुळे पुनर्विकासाच्या संमतिपत्राचे कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. इमारतीतील बहुतेकांच्या सह्या झाल्या होत्या. प्रथम तिच्या मनात सही करावयाची नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याही नव्हती. त्या फरशीवर मी महाविद्यालयाची दोन वर्षे झोपलो आहे. पण गच्चीवर जाऊन आलो आणि बोलणे आटोपले. तुळईतील सळई बोटाने सोलता येत होती. खालच्या मजल्यावर लहान मुले आहेत. या घरावर 1960 सालीच दर महिन्याला सर्वांनी मिळून दहा-दहा रुपये खर्च केले असते तर, असा विचार मी बोलून दाखविला. मामी म्हणाली, “अरे, मांडला होता ना तुझ्या मामांनी. तेव्हा सगळे म्हणाले, घर काय आपल्या बापाचे आहे?”

सही करण्यापूर्वी तिने कपाटातून भाड्याच्या पावत्यांचे गाठोडे काढले. पहिली जून 1938 ची, आजोबांच्या नावाची, जांभळ्या शाईतली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या पावत्या वर्षावार सुतळीने बांधलेल्या होत्या. विकासकाच्या माणसाने पहिली आणि शेवटची एवढ्या दोनच मागितल्या, त्याही झेरॉक्स पुरे म्हणाला. उरलेल्यांचे काय करावयाचे, असे तिने मला विचारले. त्या मी पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने वापीस आणल्या, आणि सध्या त्या शाळेच्या ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेविल्या आहेत.